मुरगूडची धर्मार्थ धांव

निपाणीहून राधानगरीच्या वाटेस लागलें म्हणजे दुतर्फा उंसाच्या हिरव्या भिंतींमधून जाणारा रस्ता मुरगुडास येऊन पोंचतो. कोल्हापूर जिल्ह्याच्या कागल तालुक्यांतलें, वेदगंगेच्या पाण्यावर वाढलेलें हें गांव. येथें नगरपालिका आहे, महाविद्यालय आहे, मोठी बाजारपेठ आहे. तरीहि 'शहर' हा शब्द त्याच्या अंगावर अद्याप नीटसा बसलेला नाहीं. येथें मनुष्य नुसत्या नांवानें ओळखला जात नाहीं. तो गल्लीनें, शेतानें आणि तालमीनें ओळखला जातो. या गांवीं गेल्या हिवाळ्यांत आजाऱ्यांच्या मदतीसाठीं पांच किलोमीटरांची एक लहानशी धांवण्याची शर्यत झाली, व तींत वयाची साठी ओलांडलेले आम्हीहि धांवलों. त्या निमित्तानें गांव आणि दान या दोहोंविषयीं जे विचार मनांत आले, ते वाचकांपुढें ठेवण्याचें योजिलें आहे.

मुरगुडाला शरीरश्रमाची थोरवी कोणी नव्यानें सांगावयास नको. शाहू महाराजांनीं कोल्हापुरांत १९१२ सालीं खासबागेचें मैदान खुलें केलें, आणि कुस्तीला मिळालेल्या त्या राजाश्रयाचे पडसाद खेडोपाडींच्या तालमींत उमटले. मुरगुडांत तांबड्या मातीचा तो गंध अजून विरलेला नाहीं. सदाशिवराव मंडलिक यांच्या नांवें चालणाऱ्या येथील कुस्ती संकुलांत आज मुलीहि घाम गाळतात. नातींच्या वयाच्या या मुलींनीं शड्डू ठोकावा हें आमच्या आजींस रुचलें असतें कीं नाहीं, कोण जाणे. आम्हांस मात्र त्याचें कौतुकच वाटतें. त्याशिवाय दर अमावास्येस बाळूमामांच्या दर्शनाला जवळच्या आदमापुरास पायीं जाणाऱ्यांची रांग याच बाजूनें सरकत असते. चालणें, धांवणें, झुंजणें हें सारें या मातीच्या अंगवळणीं पडलेलें आहे.

येथल्या बोलीची एक गंमत सांगण्याजोगी आहे. मुरगूडकर 'धांवत' नाहीं, तो 'पळतो'. पुस्तकी मराठींत पळ काढणें म्हणजे भिऊन पाठ दाखविणें. संस्कृतांतलें पलायन तेंच. परंतु येथें पहांटे रस्त्यानें जाणाऱ्या पोरास विचारलें, तर तो ताठ मानेनें "पळाय लागलोय" असें सांगतो, आणि त्या पळण्यांत भीतीचा लवलेशहि नसतो. चाळीस वर्षें व्याकरण शिकविलेल्या आमच्यासारख्यास शब्दाची ही बढती पाहून मोठा संतोष होतो.

शर्यतीचा मार्ग चौकांतून निघून सर पिराजीराव तलावाच्या बांधापर्यंत व तेथून परत, असा आंखिला होता. कागल जहागिरीचे अधिपति पिराजीराव घाटगे हे शाहू महाराजांचे धाकटे बंधु. त्यांचें नांव धारण करणारा हा तलाव आजहि गांवाची तहान भागवितो. पावसाळ्यांत तो तुडुंब भरून सांडव्यावरून वाहूं लागला म्हणजे ती बातमी मुरगुडांत सणासारखी फिरते, व बायकामुलांसह घरेंचीं घरें पाणी पाहण्यास बांधावर जातात. आमच्या प्राचीनांनीं पुण्यकर्माचे इष्ट आणि पूर्त असे दोन भाग केले आहेत. यज्ञयागादि कर्म तें इष्ट. आणि विहिरी, तळीं, देवालयें, बागा, अन्नदान अशीं लोकांच्या उपयोगीं पडणारीं कृत्यें तें पूर्त. तलाव बांधणें हें पूर्ताचें ठळक उदाहरण होय. तें करावयास पूर्वीं राजा लागे, जहागीरदार लागे. कारण द्रव्य त्याच्यापाशीं आणि मनुष्यबळहि त्याच्यापाशीं. संस्थानें गेलीं, जहागिरी गेल्या. मग पूर्तधर्म कोणी चालवावयाचा? कांहीं सरकार चालवितें, कांहीं सहकारी संस्था चालवितात. तरीहि कांहीं गरजा अशा उरतात कीं त्यांना शेजाऱ्यानेंच हात द्यावा लागतो. ज्या घरीं दुखणें आलें आहे, तेथें सरकारी योजनेचा कागद हातीं येईपर्यंतचे दिवस कसे काढावयाचे, ही गरज त्यांतलीच.

"पैसे द्यावयाचे तर द्यावे, त्यासाठीं रस्त्यानें धांवण्याचें प्रयोजन काय?" असा प्रश्न एका वृद्ध गृहस्थांनीं आम्हांस केला. प्रश्न रास्त आहे. त्याचें उत्तर शोधतांना जगांतल्या कांहीं धांवा आम्हांस आठवल्या. मॅरेथॉनच्या रणांगणावरून अथेन्सला विजयवार्ता घेऊन धांवलेल्या ग्रीक दूताची आख्यायिका सर्वांस ठाऊक आहे. तिच्या स्मरणार्थ १८९६ सालच्या अथेन्सच्या ऑलिंपिकांत लांब पल्ल्याची शर्यत ठेवण्यांत आली, आणि आज रूढ असलेलें ४२.१९५ किलोमीटरांचें अंतर १९०८ सालच्या लंडनच्या शर्यतीपासून आलें. आपल्या भागालाहि या इतिहासांत मान आहे. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या शर्यतींत अनवाणी धांवणारे शेतकरी पाहून दोराबजी टाटा थक्क झाले आणि १९२० सालीं अँटवर्पच्या ऑलिंपिकांस हिंदी खेळाडू पाठविण्याची खटपट त्यांनीं केली. त्या तुकडींतले बेळगांवचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉन शर्यतींत एकोणिसावे आले. वेळ २ तास ५० मिनिटें ४५ सेकंद. बेळगांव येथून फार दूर नाहीं. निपाणीवरून हमरस्ता धरला कीं तो सरळ तेथेंच जातो.

परंतु वृद्ध गृहस्थांच्या प्रश्नाचें खरें उत्तर कॅनडांतल्या टेरी फॉक्स या तरुणानें दिलें आहे. हाडाच्या कर्करोगानें त्याचा उजवा पाय १९७७ सालीं कापावा लागला. कर्करोगाच्या संशोधनास पैसा मिळावा म्हणून १२ एप्रिल १९८० रोजीं तो कृत्रिम पायानें देश ओलांडावयास निघाला. १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर धांवल्यावर रोग फुप्फुसांत पसरल्यामुळें त्याला थांबावें लागलें, आणि पुढल्या वर्षीं जून महिन्यांत, वयाच्या बाविसाव्या वर्षीं, तो वारला. त्यानें दर देशबांधवाकडून एकच डॉलर मागितला होता. तो घरीं बसून पत्रें लिहिता, तर कांहीं डॉलर जमतेहि. परंतु एका पायानें वाट कापणारा तो मुलगा पाहून लोकांस रोग दिसला. धांवण्यानें पैसा उत्पन्न होत नाहीं. दुःख दृष्टीआड असतें तें रस्त्यावर येतें, आणि मग हात खिशाकडे जातो. मुंबईस २००४ सालापासून चालत आलेल्या मॅरेथॉन शर्यतींत सेवाभावी संस्थांसाठीं निधि गोळा होतो, त्यामागेंहि हेंच तत्त्व आहे.

येथेंच मात्र लहान गांवाची एक अडचण उभी राहते. शर्यत भरविणारे तरुण बहुतेक आमचेच विद्यार्थी. ज्या आजारी लेकराच्या निमित्तानें ही कल्पना निघाली, त्याचें छायाचित्र फलकावर छापून तो चौकाचौकांत लावावा, असा त्यांचा बेत होता. हेतु निर्मळ होता, आणि टेरी फॉक्सच्या उदाहरणानें पाहिलें तर तर्कशुद्धहि होता. परंतु बैठकीस त्या लेकराचा बाप आला. तो बराच वेळ दाराशीं उभा होता. मग हात जोडून म्हणाला, "गावानं मदत केली तर म्या पायधूळ घेईन. पर लेकराचं तोंड भिंतीवर लावू नगासा. उद्या ते बरं हुईल, साळंत जाईल, तवा पोरं त्येला फलकावरचं म्हणतील." खोलींत कोणीच बोलेना.

टेरीनें आपलें दुःख आपण होऊन रस्त्यावर आणिलें. या लेकराचें तें दुसऱ्यांनीं आणावयाचें होतें. हा भेद लहान नाहीं. भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायांत दानाचे सात्त्विक, राजस आणि तामस असे तीन प्रकार सांगितले आहेत, व अवमान करून दिलेलें दान तामसांत घातलें आहे. अवमान हा नेहमीं शिवीगाळीनेंच होतो असें नाहीं. दयेच्या मोठ्या अक्षरांनींहि तो होतो. मुंबईसारख्या नगरींत घेणारा गर्दींत नाहींसा होतो. मुरगुडांत त्याला रोज त्याच गल्लींतून, त्याच लोकांपुढून जावयाचें असतें. अखेरीस असें ठरलें कीं, फलकावर केवळ 'गांवांतल्या आजाऱ्यांसाठीं' इतकेंच शब्द असावे. मदत ज्यास द्यावयाची त्याचें नांव तिघां जाणत्यांनीं आपसांत ठरवावें. आणि पैसा कुटुंबाच्या हातीं समारंभानें न देतां औषधोपचाराच्या बिलांतच परस्पर भरावा. तें लेकरूं मुलगा कीं मुलगी, आणि कोणत्या गल्लींतलें, हें आम्हीहि येथें लिहीत नाहीं.

आमच्या धांवण्याची वार्ता घरीं कळली तेव्हां सौ.नीं चष्म्यावरून पाहत इतकेंच विचारलें, "वाण्याकडे जायला पाय दुखतात, ते याला दुखणार नाहींत का?" विद्यार्थ्यांचें म्हणणें असें कीं, "गुर्जी, तुमी नुस्ती शिट्टी मारा. पळाय आमी हाय की." परंतु आम्हांस शिट्टी वाजवून खुर्चीवर बसण्याचा कंटाळा आला होता. प्रथम डॉक्टरांकडून प्रकृति तपासून घेतली. मग दोन महिने पहांटे आधीं चालणें, पुढें शंभर पावलें धांवून शंभर पावलें चालणें, आणि मग सोबत्याशीं बोलतां येईल इतक्याच वेगानें धांवणें, असा क्रम ठेविला. आमच्या वयाच्या वाचकांस हाच क्रम सुचवावासा वाटतो. दम इतका लागूं द्यावा कीं वाक्य पुरें करतां यावें. सहाव्या आठवड्यांत आमचें वाक्य पुरें होऊं लागलें.

शर्यतीची पहांट थंड होती. वेदगंगेकडून धुकें आलेलें, आणि बिद्री व हमीदवाडा येथील कारखान्यांकडे ऊंस नेणाऱ्या गाड्या रस्त्याच्या कडेला थांबविलेल्या. चौकांत शाळकरी पोरें, तालमींतले पहिलवान, आशाताई, दोन शिक्षिका, बँकेंतले कारकून, आणि नुकतेंच पळणें शिकलेले आम्ही, असा मेळा जमला होता. नोंदणीचे शंभर रुपये, विद्यार्थ्यांस वीस. या गांवचे तुकाराम भारमल १९४२ सालीं गारगोटीच्या कचेरीवरील झुंजींत हुतात्मा झाले. निघण्यापूर्वीं त्यांचें स्मरण करून सर्वांनीं क्षणभर मान लवविली. ज्यानें प्राण दिला त्याच्यापुढें शंभर रुपये आणि थोडा घाम ही देणगी किती लहान, हें न बोलतांच सर्वांस उमगलें असावें.

शिट्टी झाली आणि पोरें बाणासारखीं सुटलीं. पहिलवान पहिल्या फर्लांगांत आमच्या पुढें गेले व तिसऱ्या किलोमीटराला आम्हांस पुन्हां भेटले. भरदार देहाला लांबचा पल्ला जड जातो. वाटेंत ऊंसतोड कामगारांच्या खोपटांजवळून सात-आठ वर्षांचा एक पोरगा आमच्याबरोबर धांवूं लागला. पायांत कांहीं नाहीं, छातीवर क्रमांक नाहीं. त्याचीं आईबापें अंधार असतांच कोयते घेऊन फडांत गेलेलीं. "कुठवर पळायचं?" त्यानें विचारलें. "तलावापर्यंत," आम्ही म्हणालों. "मंग लई न्हाई," असें म्हणून तो आमच्या पुढें निघून गेला.

बांधावर पोंचलों तेव्हां ऊन वर आलें होतें, व तलावाचें पाणी वाफाळल्यासारखें दिसत होतें. तेथें पाण्याचे पेले घेऊन कांहीं मंडळी उभीं होतीं. एक पेला पुढें आला, आणि तो धरणारा हात पाहून आम्ही वर पाहिलें. तो त्या लेकराचा बाप होता. त्यानें नोंदणीचे शंभर रुपये इतरांप्रमाणेंच भरले होते, हें आम्हांस नंतर कळलें. "दमानं, गुर्जी," एवढेंच तो म्हणाला आणि पुढच्याकडे वळला. आजूबाजूच्या कोणासहि कांहीं ठाऊक नव्हतें. फलक लागला असता, तर हा मनुष्य त्या सकाळीं बांधावर येऊं शकला नसता. घरांत तोंड लपवून बसला असता. देणारांच्या रांगेंत उभें राहण्याचा त्याचा हक्क तेवढ्या एका निर्णयानें शाबूत राहिला. परतीच्या वाटेवर पायांपेक्षां मनच अधिक चालत होतें.

२०१३ सालच्या सुमारास बारामतीच्या शर्यतींत साठी उलटलेल्या लता भगवान करे या नऊवारींत, अनवाणी धांवल्या व पहिल्या आल्या. नवऱ्याच्या तपासणीस पैसे नव्हते, आणि बक्षिसाची रक्कम जाहीर झाली होती, म्हणून त्या धांवल्या. पुढें त्यांच्यावर चित्रपट निघाला, त्यांत त्यांनीं स्वतःचीच भूमिका केली, आणि राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्यांचा विशेष उल्लेखहि झाला. सर्वांनीं त्यांचें कौतुक केलें, आम्हींहि केलें. परंतु तें कौतुक करतांना थोडें थबकावें असें आम्हांस आतां वाटतें. आमच्यासारख्याचा दम पांच किलोमीटर संपले कीं उतरतो. ज्याच्या घरीं दुखणें आहे त्याची धांव शिट्टीनें सुरू होत नाहीं आणि रेषेवर संपतहि नाहीं. धर्मार्थ शर्यतीचा उपयोग हाच कीं, एखादें घर असें एकटें धांवत असतां चार शेजारी कांहीं पल्ला त्याच्या जोडीनें धांवतात.

आम्ही शेवटून चौथे आलों. सौ.नीं लिंबाचें सरबत करून ठेविलें होतें, आणि चेष्टा मात्र संध्याकाळपर्यंत राखून ठेविली. दुसऱ्या आठवड्यांत वाचनालयाच्या दाराशीं एक कागद लागला. किती नोंदणी झाली, किती रक्कम जमली, पाण्यावर व मंडपावर काय खर्च झाला, उपचारांसाठीं किती भरले आणि शिल्लक किती राहिली, याचा पैन् पै हिशेब त्यांत होता. दात्यांचीं नांवें नव्हतीं, घेणाऱ्याचेंहि नव्हतें. शिल्लक रक्कम पुढल्या अडचणीसाठीं बँकेंत ठेविली आहे. येत्या हिवाळ्यांत शर्यत पुन्हां व्हावयाची आहे, आणि ऊंसतोडीच्या मुलांकडून नोंदणीचे पैसे घेऊं नयेत अशी सूचना आम्हीं आतांच देऊन ठेविली आहे.