चाचांचा पेंढा

घोड्यांची डॉक्टर म्हणून लोक मला ओळखतात. पण घोड्याची रात्र कशी जाते याबद्दल मला जे काही कळतं, ते पुण्यातल्या एका मोतद्दाराकडून आलेलं आहे. सगळे त्यांना चाचा म्हणत, म्हणून मीही चाचाच म्हणते. मुद्दाम शिकवायचं म्हणून त्यांनी मला कधी काही शिकवलं नाही. मी ठाणाच्या दारात तपासणीची बॅग घेऊन उभी असायची, ते खाली बसून लीद काढत असायचे, आणि काढता काढता मध्येच एखादं वाक्य टाकायचे.

परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात आमचा बहुतेक वेळ गाई-म्हशींवर गेला. ते साहजिकच होतं. गावोगावी डॉक्टरची वाट पाहणारी जनावरं तीच. घोड्याच्या अंथरुणाबद्दल माझ्या वहीत एकच ओळ होती : स्वच्छ, कोरडं आणि मऊ असावं. पेपरात तेवढ्यावर गुणही मिळाले. भाताचा पेंढा, गव्हाचं काड, लाकडाचा भुसा, तूस की वाळू, हा निवड करण्याचा विषय आहे, हेच मला ठाऊक नव्हतं. अंथरूण ही नोकरांनी बघायची गोष्ट, असं मी खरोखरच समजत होते. हे लिहितानाही थोडं ओशाळायला होतं.

मुंबईची रेस हिवाळ्यात, पुण्याची पावसाळ्यात. म्हणजे पुण्यातले तबेले गजबजतात ते नेमके ओल धरण्याच्या दिवसांत. पेंढा मात्र आदल्या दिवाळीच्या सुमारास झोडलेल्या भाताचा; श्रावणापर्यंत ताडपत्रीखाली पडून आतून बुरसलेला. असाच एकदा एक घोडा खोकत होता. ताप नाही, नाकातून थोडं पाणी, पळून आला की खोकला जास्त. मी छातीला नळी लावून औषधाचा विचार करत होते. चाचांनी ठाणातला मूठभर पेंढा उचलला, दारातल्या उन्हाच्या तिरिपेत नेला आणि झटकला. राखाडी धुरळा उठला आणि बराच वेळ खाली बसेना. ‘‘डॉक्टरबाई, हा रात्रभर हेच ओढतो आत,’’ ते म्हणाले, ‘‘तोंडानं श्वास घ्यायची सोय त्याला देवानं दिली नाही.’’ घोडा फक्त नाकानंच श्वास घेतो, हे मी पुस्तकात वाचलं होतं. त्याचा पेंढ्याशी संबंध लागला तो त्या सकाळी. पेंढा बदलला, सुकं गवत पाण्यात भिजवून द्यायला लागलो, आणि खोकला हळूहळू उतरला.

मग ते म्हणाले, खाली बसा. मी बसले. उभं राहून ज्या ठाणात काहीच वास येत नव्हता, तिथं जमिनीपासून हातभर उंचीवर डोळे चुरचुरले. घोडा दिवसाला 5 ते 10 लिटर लघवी करतो. त्यातल्या युरियाचा जंतू अमोनिया करतात, आणि आडव्या पडलेल्या घोड्याचं नाक नेमकं तिथंच असतं. तेव्हापासून कुठल्याही तबेल्यात गेले की मी आधी उकिडवी बसते. मालक चमकतात.

पण चाचांचं खरं देणं म्हणजे सकाळचं ठाण वाचायला मिळालं, हे. मोतद्दार साफ करून टाकायच्या आत ते बघावं लागतं, म्हणून मी पहाटे जायला लागले. कोपऱ्यात पेंढा उकरून फरशी उघडी पडली असेल तर घोडा पोटदुखीनं किंवा कंटाळ्यानं पाय आपटत होता. लीद रोजच्यापेक्षा कमी आणि लहान, कोरडी असेल तर पाणी कमी गेलं. पेंढ्याचा थरच पातळ झाला असेल तर तो त्यानं खाल्ला, आता आतडं तुंबायची धास्ती. शेपटीत, आयाळीत काड्या अडकल्या असतील तर चाचा खूश असायचे : ‘‘झोपला.’’ आणि अंथरूण जसं घातलं तसंच सपाट असेल तर ते काही बोलायचे नाहीत, नुसते माझ्याकडे बघायचे.

त्या बघण्याचा अर्थ मला पुष्कळ वर्षांनी लागला. शहराबाहेरच्या एका ठिकाणी, रेसमधून निवृत्त झालेला एक घोडा दाखवायला बोलावलं होतं. पुढच्या दोन्ही पायांना, खुराच्या वरच्या सांध्यावर, समोरच्या बाजूला पुन्हा पुन्हा सोलवटल्यासारख्या जखमा. मालकाला वाटत होतं तो ठेचकाळतो, नालात दोष आहे. ठाणात रबराची चटई होती आणि तिच्यावर भुश्याचा जेमतेम शिडकावा. पहाटे जाऊन पाहिलं, तर भुसा सपाट. घोडा उभ्यानं डुलकी काढतो. त्याच्या पायांचे सांधे कुलूप लावल्यासारखे अडकतात. गाढ झोपेत मात्र स्नायू पार सैल पडतात, म्हणून ती आडवं पडूनच घ्यावी लागते. दिवसाकाठी अर्धा-पाऊण तास पुरतो, पण तेवढा लागतोच. जागा टणक किंवा निसरडी वाटली की घोडा पडायचं टाळतो, आणि काही दिवसांनी उभ्याउभ्याच गाढ झोप लागून पुढच्या पायांवर कोसळतो. जखमा त्या कोसळण्याच्या होत्या. मी गव्हाचं काड घालायला सांगितलं, गुडघाभर, आणि चाचा करत तसा भिंतींच्या कडेनं उंच बांध, म्हणजे लोळताना घोडा भिंतीशी पाय अडकून पडत नाही. पुढच्या खेपेला शेपटीत काड्या होत्या. त्या घोड्याच्या मालकानं माझे फार आभार मानले. ते कोणाचे होते ते मी त्याला सांगितलं, पण त्याला ते विनयानं बोलल्यासारखं वाटलं असावं.

आता मला विचारतात, सगळ्यात चांगलं अंथरूण कुठलं? चाचांना हा प्रश्नच आवडत नसे. रंध्याचे पापुद्रे ओल चांगली शोषतात, धूळ कमी. पण वखारीतला बारीक भुसा खुरात ठासून बसतो, ओला झाला की तळव्याची पुतळी काळी पडून सडते, आणि त्यात प्लायवूडचं काय काय मिसळलंय ते कळत नाही. अमेरिकेत काळ्या अक्रोडाच्या भुश्यावर उभे राहिलेले घोडे काही तासांत पायांनी लंगडे झालेले आहेत. वाळू स्वस्त, पण जमिनीवरून चारा खाणाऱ्याच्या पोटात ती साठते. तूस हलकं, डोळ्यांत जातं. शिवाय एक गोष्ट कुठल्याच पुस्तकात मी वाचली नव्हती : तबेल्याबाहेर ढीग पडला की तो नेणार कोण? पेंढ्याचं खत शेतकरी आनंदानं उचलतो. भुश्याचं घातलं की कुजताना तो जमिनीतला नत्र ओढून घेतो, पीक पिवळं पडतं, आणि दुसऱ्या वर्षी ट्रॉली येत नाही. हे चाचांनी शेतकऱ्यांशी तंबाखू मळता मळता गोळा केलेलं ज्ञान.

सगळंच त्यांचं मला पटलं असं नाही. फरशी धुऊन वाळली की ते वर चुना भुरभुरायचे. चुन्यानं अमोनिया कमी होत नाही, ओलीवर पडला तर उलट जास्त सुटतो, हे मी त्यांना कागदावर मांडून दाखवलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी फरशीवर चुना होताच. फक्त पेंढा पसरण्याआधी तो झाडून काढलेला होता. चाचा आता गावी असतात, फोन करतात. माझ्या पेशंटांची विचारपूस झाली की विचारतात, ‘‘आणि चुना? टाकता की नाही?’’