गळ तोच, पाणी खारं

अमरावती-अकोल्याच्या माणसाला समुद्र पाहायचा तर अर्धाअधिक महाराष्ट्र ओलांडावा लागतो. खारं पाणी मात्र त्याच्या शिवारातच आहे. पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात अमरावती, अकोला आणि बुलढाणा मिळून ८९४ गावं येतात. दर्यापूर-दहीहंड्याकडच्या विहिरीचं पाणी पाहुण्यानं तोंडात घेतलं की त्याचा चेहराच सगळं सांगायचा. अशा मुलखातला माणूस एक दिवस पैसे मोजून, हौसेनं, कमरेइतक्या खाऱ्या पाण्यात गळ घेऊन उभा राहील, असं कुणी म्हटलं असतं तर आमच्या वडिलांनी आधी त्याचा ताप पाहिला असता.

आता लोक जातात, मीही जाऊन आलो. वऱ्हाडातून अंदमानला पूर्वी जायचे ते सेल्युलर जेलमधली सावरकरांची कोठडी पाहायला. आता तीच सहल थोडी लांबवून स्वराज द्वीपावर, म्हणजे जुन्या हॅवलॉकवर, गाईड घेऊन मासेमारी करणारे भेटतात. त्यातली ‘फ्लाय फिशिंग’ ही तऱ्हा सगळ्यांत नखऱ्याची. तिचा खर्च कापसाच्या क्विंटलांत मोजायला बसू नये. गडी घरीच राहील.

आमच्या लहानपणी गळाचा खर्च जवळजवळ नव्हताच. बांबूची लवचिक काडी, नायलॉनची दोरी, बाजारातून आणलेला गळ आणि तरंगायला मोराच्या पिसाचा देठ. आमिष म्हणजे उकिरड्याशेजारचं गांडूळ, नाहीतर कणकेची गोळी. मरळ हवी असेल तर लहानसा बेडूक. अमरावतीची पोरं वडाळी नाहीतर छत्री तलाव गाठायची, अकोल्याची मोर्णेवर. मोठी माणसं खांडव्याच्या मीटरगेज गाडीनं हिवरखेड-वान रोडकडे, वान नदीच्या डोहांवर जायची. सोबत एखादा भोईकाका असायचाच. तो बोलायचा कमी. आम्ही काठावर उभे राहिलो की पुटपुटायचा, “खाली बस लेका, मासोई तुह्या सावलीले भेते.” पाण्यावरचा बुडबुडा पाहून तो खाली वाम आहे की मरळ, हे सांगायचा. त्याची फी म्हणजे बिडीचं बंडल आणि पकडलेल्यातला वाटा.

अंदमानच्या गाईडनं पहिल्याच सकाळी सांगितलं, “झुकके चलिए, परछाईं मत डालिए.” त्याचं घराणं १९५०च्या दशकात पूर्व बंगालमधून विस्थापित होऊन इथं वसलेलं. भरती-ओहोटीचं वेळापत्रक त्याच्या डोक्यात, डोळ्यांवर पाण्याची चकाकी मारणारा चष्मा. होडीचं नाक म्हणजे घड्याळातले बारा, असं धरून तो दिशा सांगतो: “दस बजे, चालीस फुट.” आपल्याला पाण्याशिवाय काही दिसत नाही. त्याला मासा दिसतो.

नेहमीच्या गळात आमिषाचं किंवा शिशाचं वजन दोरी ओढून नेतं. इथं उलटं आहे. आमिष म्हणजे गळाला बांधलेली पिसं आणि केस, वजन जवळपास नाहीच. वजन असतं जाड दोरीला. काठी मागे-पुढे झुलवून दोरीच हवेत फेकायची आणि पिसांचा तो खोटा मासा अलगद पाण्यावर टेकवायचा. मासा लागला की काठी वर उचलण्याची आपली जन्माची सवय इथं घात करते; डाव्या हातानं दोरी सरळ मागे खेचावी लागते. जायंट ट्रेव्हली हा तिथला पहिलवान. तो लागला की दोरी सुसाट सुटते आणि खांदे भरून येतात. गळाला उलटा काटा ठेवत नाहीत, म्हणजे सुटका सोपी. फोटो काढायचा, माशाला पाण्यात धरून दम घेऊ द्यायचा आणि सोडून द्यायचा. संध्याकाळी रीळ गोड्या पाण्यानं धुवायचं, नाहीतर मीठ ते खाऊन टाकतं.

मासा सोडून देणं आमच्या भोईकाकाला वेडेपणा वाटलं असतं. आणि खरं सांगायचं तर जुने दिवस काही साधुत्वाचे नव्हते. पहिल्या पुराला चढणीची मासोळी अंड्यांनी भरलेली असायची आणि गाव तीच टोपल्यांनी घरी न्यायचं. पण नदीत पाणी होतं, डोह होते, म्हणून ते खपून गेलं.

आज ते खपत नाही. मोर्णेवर जलकुंभी साचली. जानेवारी २०१८मध्ये हजारो अकोलेकर नदीत उतरले, ‘मन की बात’मध्ये कौतुक झालं, आणि जलकुंभी पुन्हा उगवली. मेळघाटातून जाणारी ती गाडी २०१७पासून बंद आहे, आणि व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीतल्या डोहांवर गळ टाकायला मनाई आहे, ती योग्यच आहे. मासे उरले ते धरणांत: महानला काटेपूर्णेवर, सिंभोऱ्याला ऊर्ध्व वर्धेच्या नलदमयंती सागरात. तिथेही रोहू, कतला, मिरगळ बीज सोडून वाढवलेले, मूळचे गंगेकडचे.

मला टोचतो तो फरक मात्र माशांचा नाही. बेटावर पाणी ओळखणाऱ्याला मान आहे, रोजगार आहे, म्हणून त्याला मासा जिवंत हवा आहे. सोडलेला मासा उद्या दुसऱ्या पाहुण्याला आणतो, हा त्याचा रोकडा हिशेब. आमच्याकडे तेवढंच पाणी ओळखणारा भोई जाळं गुंडाळून शहरात मजुरीला गेला आणि त्याच्या पोराला बुडबुड्यातला फरक कुणी शिकवला नाही. ज्ञान दोघांचं सारख्याच तोलाचं होतं. एकाला गिऱ्हाईक मिळालं, दुसऱ्याला नाही.

सिंभोऱ्याच्या पाण्यावर मच्छीमार संस्थांनी ठरवलं तर काठीच्या हौशी मासेमारीचे दोन-चार काठ राखून ठेवता येतील. संस्थेचं पावतीपुस्तक, सोबतीला भोई तरुण, धरलेला मासा परत पाण्यात, आणि वीण होण्याच्या पावसाळी दिवसांत पूर्ण बंदी, एवढं पुरेल. अंदमानला जरूर जा, तो समुद्र पाहण्याजोगाच आहे. पण त्याआधी एक रविवार काढून, रीतसर परवानगी घेऊन, आपल्या धरणाच्या काठावर एखाद्या जाणत्या भोयासोबत बसा. आणि उठताना त्याच्या हातावर बिडीचं बंडल नको, गाईडची पूर्ण फी ठेवा.