स्फोटाचा उजेड येतो कुठून?

आमच्या आगरच्या किनाऱ्यावरून रात्री आभाळ शांत दिसतं. पण त्याच आभाळात एखादा महाकाय तारा कोसळतो आणि काही सेकंद गॅमा किरणांचा स्फोट होतो. हे किरण चुंबकीय क्षेत्रात गरगरणाऱ्या इलेक्ट्रॉनांतून निघतात, की झोताच्या तापलेल्या पृष्ठभागातून? ध्रुवीकरण साधारणपणे पहिल्यात जास्त, दुसऱ्यात कमी.

२०१५ साली सुटलेल्या आपल्या ‘अ‍ॅस्ट्रोसॅट’ने ते मोजलं. पहिल्या वर्षाच्या ११ स्फोटांपैकी बहुतेकांत ते जास्त भासलं. पाच वर्षांच्या २० स्फोटांत मात्र फक्त ५ मध्ये. कदाचित स्फोट चालू असतानाच ध्रुवीकरणाची दिशा फिरते आणि बेरजेत खूण पुसली जाते.

प्रश्न अजून सुटलेला नाही. पण स्वतःचंच उत्तर पुन्हा मोजून पाहण्याची ही हिंमत, मी तिलाच इल्म म्हणतो.