चष्म्यावरचा चष्मा

चष्मा लावणाऱ्या माणसाला या जगात फारसा मान नाही. पावसात त्याने काचा पुसायच्या, चहाच्या कपाशी वाफ सोसायची, आणि लग्नाच्या फोटोत 'तो जरा काढा हो' हे फोटोग्राफरचे दरडावणेही ऐकून घ्यायचे. या छळात आता आणखी एका यंत्राची भर पडली आहे. व्हर्च्युअल रिॲलिटीचा हेडसेट म्हणजे डोळ्यांवर डबा बांधायचा आणि बसल्या जागी दुसऱ्या जगात जायचे. पण त्या जगाच्या दारातच आम्हा चष्मेवाल्यांना हटकले जाते, 'हे नाकावरचे काय करणार?'

गेल्या दिवाळीत मुलगा पुण्याहून सिंदेवाहीला आला तो असे दोन डबे घेऊन. एक त्याचा जुना, दुसरा मित्राकडून चार दिवसांसाठी मागून आणलेला. दोन्ही पारखून तसा एक आजोबांसाठी घ्यावा, असा त्याचा बेत. मामंजींची उभी हयात जंगल खात्याच्या नोकरीत पायपिटीत गेली. आता गुडघ्यांनी त्यांना ओसरीवर बसवले आहे. तिथून धानाच्या बांध्या दिसतात, जंगल दिसत नाही. नातवाला वाटले, जंगलच घरी आणून द्यावे. किंमत मात्र सोन्याच्या अंगठीएवढी. तेव्हा पारख नीट व्हायला हवी होती.

पारखी म्हणून माझी नेमणूक झाली, कारण घरात सर्वांत जाड भिंगे माझी. लांबचा नंबर उणे पाच, शिवाय चाळिशी. पहिला सुखद धक्का असा की, या डब्यात चाळिशी लागत नाही! पडदा डोळ्यांपासून दोन-तीन बोटांवर असतो खरा, पण मधल्या भिंगांमुळे चित्र दीड-दोन मीटरवर असल्यासारखे दिसते. म्हणून ज्यांना फक्त वाचायला चष्मा लागतो, त्यांचे विनाचष्मा भागते. लांबचे न दिसणाऱ्यांना मात्र तो हवाच.

मग प्रश्न जागेचा. चष्म्याची काच डब्याच्या भिंगाला घासली की दोन्हींवर ओरखडे पडतात. यावर प्रत्येक कारखानदाराची तऱ्हा निराळी. २०२० साली निघालेल्या मेटाच्या क्वेस्ट २ बरोबर अंतर राखणारी एक प्लॅस्टिकची कड मिळत असे. २०२३ च्या क्वेस्ट ३ मध्ये चेहऱ्याकडची गादीच चार टप्प्यांत मागेपुढे होते. त्याच वर्षीच्या प्लेस्टेशन व्हीआर २ मध्ये बटण दाबून पुढचा भाग ओढता येतो, आणि भार बराचसा कपाळावर टेकतो. ॲपलचा २०२४ चा व्हिजन प्रो सगळ्यांत सोवळा. तिथे चष्मा बाहेर ठेवायचा आणि आपल्या नंबरची, चुंबकाने बसणारी निराळी भिंगे विकत घ्यायची.

आणखी एक आकडा असतो, तो आपण चष्मेवाल्याला कधी विचारत नाही: दोन बुबुळांमधले अंतर. माझे निघाले एकसष्ट मिलिमीटर. क्वेस्ट २ मध्ये ५८, ६३ आणि ६८ असे तीनच थांबे होते. क्वेस्ट ३ मध्ये चाक फिरवून ५८ पासून ७१ पर्यंत कुठेही थांबता येते. हे अंतर जुळले नाही तर चित्र धूसर आणि डोके जड. राहिले वजन. क्वेस्ट ३ भरतो ५१५ ग्रॅम, म्हणजे अर्ध्या किलो साखरेची पुडी आणि वर चिमूटभर. पण वजन किती, यापेक्षा ते कुठे टेकते हे महत्त्वाचे. मऊ पट्ट्याने सारा भार गालांवर येतो. मागे कडक पट्टा असला की मानेला हायसे वाटते.

माझी परीक्षा अशी झाली, आणि मामंजींना यातले काहीच लागले नाही! मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर त्यांना लांबचे लख्ख दिसते. डबा त्यांनी टोपीसारखा सहज चढवला.

मुलाने वाघाची फिल्म लावायला घेतली. "वाघ नको रे बाप्पा," मामंजी म्हणाले. मे २०२५ मध्ये आमच्याच तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बाया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. इथे वाघ ही करमणूक नाही. मग नुसती झाडे लावली. मामंजींनी मान वळवली, वर पाहिले, खूश झाले. आणि सवयीने एका बुंध्यामागे काय आहे ते पाहायला खुर्चीतून बाजूला झुकले.

"सूनबाई, हे झाड माझ्यासंगं सरकून राहिलं. असं झाड कुठं असते काय?"

मुलाने समजावले. २०१४ च्या गूगल कार्डबोर्डसारख्या जुन्या खोक्यांना फक्त मान वळलेली कळत असे. आताच्या डब्यांना कॅमेरे असतात. खोलीत पुरेसा उजेड असला तर माणूस झुकला, बसला, पाऊलभर सरकला, सारे त्यांना कळते. पण फिल्म घेणारा कॅमेरा एकाच जागी उभा असतो. बुंध्यामागचे त्याने पाहिलेलेच नसते, मग दाखवणार कुठून? अशा वेळी कान म्हणतो 'मी हललो', डोळा म्हणतो 'छे!' आणि या भांडणात पोट ढवळते. एस.टी. लागते तसेच हे!

मग संगणकाने रचलेले जंगल लावले. तिथे झाड जागेवर राहिले. मामंजींनी झुकून, वाकून पाहिले आणि निकाल दिला, "जागेवर आहे. पण हा साग नाही."

शेवटी जुन्याच जातीचा एक कडक पट्ट्याचा डबा घेतला. भिंगांतून ऊन शिरले तर पडदा जळतो, म्हणून तो कपाटात राहतो. आमच्याकडचे ऊन तर ठाऊकच आहे! रोज पंधरा मिनिटे, बसून. जंगल मात्र त्यांनी पुन्हा मागितले नाही. चाळीस वर्षे ज्या झाडांमागे डोकावले, त्यांच्याबाबतीत त्यांना फसवणार कोण? ते समुद्र पाहतात. तो त्यांनी आयुष्यात कधी पाहिलेला नाही. शिवाय क्षितिज इतके दूर की, माणूस झुकला तरी ते हलल्याचे जाणवत नाही. यंत्राचा खोटेपणा तिथे उघडा पडत नाही.

परवा मी ओसरीवर चहा घेऊन गेले, तेव्हा एक मोठी लाट येत असावी. मामंजींनी धोतर सावरून दोन्ही पाय खुर्चीवर घेतले होते.