पाण्याची भीती

बारावी झालेली आमची मुलगी म्हणाली, "पप्पा, मला स्कूबा डायव्हिंग शिकायचंय." घरात सगळे हसले. हिंगोलीपासून समुद्र किती दूर! त्यात आमच्या वडिलांना गावच्या विहिरीत उतरू दिले नव्हते. त्यामुळे पोहणे घरात आलेच नाही.

तरीही चौकशी केली. मालवणला पर्यटकांना हाताला धरून समुद्राचा तळ दाखवतात, पण त्याने प्रमाणपत्र मिळत नाही. तारकर्लीला पर्यटन महामंडळाची प्रशिक्षण संस्था आहे. 'ओपन वॉटर' या पहिल्या प्रमाणपत्रासाठी अभ्यास, उथळ पाण्यात सराव आणि समुद्रात ४ बुड्या लागतात. २०० मीटर पोहणे, १० मिनिटे तरंगणे आलेच पाहिजे. दम्यासारखा आजार असेल तर डॉक्टरांची संमती हवी. हे प्रमाणपत्र १८ मीटर खोलीपर्यंतचे. आम्ही ठरवले, फी विचारण्याआधी एका प्रशिक्षकामागे किती मुले, हे विचारायचे.

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. पाण्यावरचा हक्क तेव्हाच बजावला. भीती मात्र आमच्याच मनात राहिली. आता लेक रोज पोहायला शिकते. परवा तिचा हात धरून आम्हीही छातीभर पाण्यात उतरलो. जयभीम!