वाटलेले सोने

आमच्या गावाचे नाव आपटा. पनवेल तालुक्यातले, पाताळगंगेच्या काठचे. दसऱ्याला सारा महाराष्ट्र आमच्या गावाचे नाव घेऊन सोने लुटतो, असे आम्ही थट्टेने म्हणतो. हे सोने मोठे गमतीचे. झाडावर असते तोवर ते नुसते पान. पेटीत ठेवले तर चार दिवसांत पाचोळा. एका हातातून दुसऱ्या हातात जाते, तेवढ्यापुरतेच ते सोने!

प्राचीन इराणी लोकांचा इतिहास वाचताना मला हे पान हटकून आठवते. 'पार्स' हा त्यांचा डोंगराळ मुलूख. आपल्या पारशी बांधवांचे नाव त्यावरूनच पडले. तिथल्या सायरसने इ. स. पूर्व 550 च्या सुमारास मीड लोकांचे राज्य जिंकले आणि 539 साली बाबिलोन घेतले. त्या विजयानंतर मातीच्या एका नळकांड्यावर त्याचा लेख कोरला गेला. 2013 च्या डिसेंबरात ते नळकांडे मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात आले, तेव्हा मी मुद्दाम पाहायला गेलो होतो. जेमतेम वीतभर लांबीचे! पण त्यावर लिहिले आहे काय? तर आणलेल्या देवमूर्ती ज्यांच्या त्यांच्या देवळांत परत पाठवल्या, माणसांना त्यांच्या घरी जाऊ दिले. जिंकलेल्याने परत द्यावे, ही रीत त्या काळी काही सर्रास नव्हती.

पुढे दरायस आला. सिंधूपासून इजिप्तपर्यंत पसरलेल्या राज्याचे त्याने प्रांत पाडले, त्यांवर क्षत्रप नेमले, सार्डिसपासून सुसापर्यंत सडक राखली, टप्प्याटप्प्यावर डाकेचे घोडे ठेवले. कराचे आकडे ठरले. हिरोडोटस सांगतो, आलेले सोने-रुपे वितळवून मातीच्या घागरींत ओतत, मग घागर फोडून लगडी ठेवीत आणि लागेल तेवढा तुकडा कापून घेत. लागे थोडा, लगडी मात्र वाढत गेल्या. पुढच्या दीडशे वर्षांत क्षत्रपांची बंडे झाली, राजवाड्यात वारसांचे खून पडले. नुसत्या सोन्याने राज्य बुडाले असे मी म्हणणार नाही. पण सोन्याने ते वाचलेही नाही. इ. स. पूर्व 330 मध्ये अलेक्झांडरने पर्सेपोलिस जाळले. तिथला खजिना वाहून न्यायला खेचरांच्या दहा हजार जोड्या आणि पाच हजार उंट लागले, असे प्लुटार्क लिहितो. वाटायचे राहून गेले होते, ते असे एकदमच गेले.

राज्य गेले, पण 'क्षत्रप' हा शब्द चालत चालत आपल्या दाराशी आला. पुढे तीन-चारशे वर्षांनी नाशिक-कोकणावर नहपान नावाचा शक राजा होता. तो स्वतःला क्षत्रप म्हणवी. गौतमीपुत्र सातकर्णीने त्याचा पाडाव केला. 1906 साली नाशिकजवळ जोगळटेंभीला नहपानाची तेरा हजारांवर चांदीची नाणी सापडली. त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर सातकर्णीने आपला ठसा मारलेला! साठवलेल्या रुप्यावर असे दुसऱ्याचे नाव बसले. त्याच नहपानाचा जावई ऋषभदत्त. त्याने डहाणूच्या, दमणच्या नदीवर फुकट नावा ठेवल्या, सोपाऱ्याला धर्मशाळा बांधली. ते पांडवलेण्यांच्या भिंतीवर आजही वाचता येते. त्यावर मात्र कोणाला ठसा मारता आला नाही.

हे सारे मला परवा फार जवळून आठवले. 2025 साली नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाला आणि आमच्याकडच्या भाताच्या खाचरांनाही भाव चढला. वडिलांच्या शेताला गिऱ्हाईक आले. पुतण्या हक्कसोडपत्राचा कागद तयार करूनच घरी आला. माझ्या दोन बहिणींच्या सह्या घ्यायच्या होत्या.

"काका, आत्या कधी नाही म्हणणार नाहीत. दोघींना चांगल्या पैठण्या घेऊ."

नाही म्हणणार नाहीत, हे मलाही ठाऊक होते. भावाचे घर तुटू नये म्हणून आपल्याकडच्या बहिणी कुठेही सही करतात. त्याच शेतात दोघी माझ्याबरोबर गुडघाभर चिखलात लावणीला उतरल्या होत्या. थोरलीच्या घरावर अजून पत्रे आहेत.

"चार वाटे झाले तर आपल्या हाती काय राहील?" पुतण्याने विचारले. त्याचा हिशोब चुकीचा नव्हता. त्याला घर बांधायचे आहे.

मी म्हणालो, "नाव राहील. सातबाऱ्यावर चौघांची नावे आहेत. मी बहिणींपुढे हा कागद ठेवणार नाही, आणि माझी सहीही चार वाटे होत असतील तरच."

तो रागावून गेला. अजून बोललेला नाही. भाऊबीजेला दोघी बहिणी येतील. त्यांना अजून काहीच ठाऊक नाही. या वर्षी ओवाळणीच्या ताटात काय घालायचे, ते मी ठरवले आहे.