उपासाचं फुटेज

ऐतिहासिक चित्रपट आला की पगडीचा पीळ आणि तलवारीची मूठ तपासणारे पुढे सरसावतात. तपासावंच. पण मी संकलक. माझ्या टेबलावर खोटेपणा शिरतो तो वेळेच्या वाटपातून.

पानिपतच घ्या. लढाई १४ जानेवारी १७६१ ला, एका दिवसात आटोपली. त्याआधी दोन महिन्यांहून अधिक काळ मराठ्यांची फौज तिथे अडकून पडली होती. दिल्लीची वाट अब्दालीने रोखलेली, रसद पाठवणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात मारले गेलेले, आणि छावणीत लढवय्यांबरोबर यात्रेकरू, बायकामुलं, बुणगे. सगळ्यांना दाणा हवा, जनावरांना वैरण. शुजाउद्दौलाच्या पदरी असलेल्या काशीराज पंडिताने लिहून ठेवलंय, की सरदार सेनापती सदाशिवराव भाऊंकडे गेले आणि म्हणाले, दोन दिवस पोटात काही नाही, उपाशी मरण्यापेक्षा लढून मरू. ही चढाई भुकेने करवली होती.

पडद्यावर उपासाला मिळतो दोन मिनिटांचा मोंताज, वर आलाप. चढाईला अर्धा तास. त्यात सेकंदाला १२० फ्रेमने टिपलेला घाव २४ ने दाखवायचा, म्हणजे तो पाचपट लांबतो. तलवार उपसताना साउंडवाला धातूचा झणत्कार टाकतो. म्यान लाकडाचं, वर चामडं नाहीतर मखमल. झणत्कार येणार कुठून? पण तो मी चालू देतो. पोवाडे ऐकत वाढलेल्या प्रेक्षकाला तो हवा असतो, आणि खरं सांगायचं तर मलाही.

नेसरीच्या चढाईला माझी हरकतच नाही. २४ फेब्रुवारी १६७४, प्रतापराव गुजर आणि सहा स्वार. त्या सहांची नावंही निर्विवाद नाहीत. घटना काही क्षणांची, मागे उरली ती कुसुमाग्रजांची कविता. तिथे स्लो मोशन खुशाल लावा. पानिपतात मात्र क्षण ताणताना महिने गिळले जातात.

मोंताज वाढवायला निर्माता तयार होत नाही. म्हणून भूक मी लढाईतच शोधतो. सकाळचे टेक जोमदार असतात, ते बाजूला ठेवतो. संध्याकाळी नटाचा हात खरोखर जड झालेला असतो, वार अर्धवट पडतो, घोडाही कुरकुरतो. तो टेक लावतो.

“हिरो दमलेला दिसतोय,” दिग्दर्शक म्हणाले.

“दोन दिवस जेवला नाहीये तो, सर.”

चित्रपटात तो टेक राहिला. ट्रेलरमध्ये सकाळचाच गेला; ट्रेलर दुसरा माणूस कापतो.